‘व्हीपीएन लावला की कुणाला काही कळत नाही’ – खरंच?

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय : फोनमध्ये व्हीपीएन (तुमचं इंटरनेट सांकेतिक ‘बोगद्यातून’ दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारं अ‍ॅप) टाका, मग काय बघता ते कुणालाच कळत नाही, बँकेचे व्यवहार सुरक्षित, ‘नो लॉग’ म्हणजे नोंद कुठेच नाही, आणि फुकटचाही चालतो.

‘कुणालाच कळत नाही.’ कोणत्या साइटवर गेलात हे आधी जिओ-एअरटेलला दिसायचं, आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. पहारेकरी बदलला, इतकंच. शिवाय गूगलमध्ये लॉग-इन असाल तर गूगलसाठी तुम्ही तुम्हीच.

‘बँक सुरक्षित.’ बँकेची साइट एचटीटीपीएसवर (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीवर) असते, स्टेशनच्या वाय-फायवरही पासवर्ड उघडा जात नाही. पैसे जातात ते ओटीपी सांगून नाहीतर बनावट लिंकवर, आणि बनावट पान व्हीपीएनमधूनही झकास उघडतं.

‘नो लॉग.’ खरी गोम इथे आहे. आयपीव्हॅनिश या व्हीपीएन कंपनीची जाहिरात हीच होती. 2016 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने मागितल्यावर ग्राहकाचं नाव, ई-मेल, खरा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता-क्रमांक) आणि जोडणीच्या वेळा निघाल्या. 2020 मध्ये हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनचा 894 जीबी डेटा उघड्यावर सापडला, त्यात पासवर्डसुद्धा. उलट एप्रिल 2023 मध्ये स्वीडिश पोलीस वॉरंट घेऊन मलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले. तिथे खातं म्हणजे नुसता एक क्रमांक. नाव, ई-मेल मागतच नाहीत. जे घेतलंच नाही ते देणार कुठून? कंपन्या ऑडिट अहवाल दाखवतात तो वाचाच, पण तो तपासणीच्या दिवसांपुरता असतो.

भारतात एक वेगळी अडचण. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपनीने ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी 5 वर्षं जपायचा. त्यामुळे एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क या व्हीपीएन कंपन्यांनी इथले सर्व्हर काढले. अ‍ॅपमधल्या सर्व्हरच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं तर यंत्र बहुधा परदेशातलं असतं.

‘फुकटचा चालतो.’ फेसबुकचं ऑनावो हे व्हीपीएन अ‍ॅप फुकटच होतं. लोक कोणती अ‍ॅप वापरतात ते फेसबुकला त्यातून कळायचं. ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये त्यासाठी 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

तरीही वापरायचाच असेल तर अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय जोडणी बंद’ हे दोन्ही चालू करा. नाहीतर वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना बोगदा तुटतो आणि तेवढ्यात खरा आयपी बाहेर जातो. मग डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी यंत्रणा) लीक चाचणी घ्या. निकालात तुमच्याच इंटरनेट कंपनीचं नाव आलं, तर साइटची नावं अजून तिच्याकडेच जाताहेत.