मावशीच्या फोनवर आलेले ‘दहा लाख’

परवा मावशीचा फोन आला. माहेरच्या घरातल्या हिश्शासाठी ती वाटपाचा दावा लावणार होती, सातबारा-वारस नोंदी सगळं गोळा झालं होतं. म्हणाली, “राहू दे गं, दहा लाख कुठून आणू?” कसले दहा लाख, म्हटलं, तर तिनं व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवला: ‘महाराष्ट्रात कोर्टाची फी आता दहा लाख. बायकांची सवलतही बंद. भरलेली फी परत नाही. सगळा पैसा न्यायाधीशांना. गरिबांनी कोर्टाची पायरी चढू नये.’

हे कोणी लिहिलं ते ठाऊक नाही, पण यामुळे एक बाई हक्क सोडायला निघाली होती. म्हणून संताप येतो.

फी वाढली, हे खरं. महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमातली दुरुस्ती जानेवारी २०१८ पासून लागू झाली. साध्या अर्जांच्या तिकिटांपासून दाव्यांपर्यंत दर चढले आणि सामान्य माणसाला ते जाणवतात. एवढं मान्य. पण दहा लाख ही कमाल मर्यादा आहे, आधी ती तीन लाख होती. दावा कोट्यवधींचा असेल तरच तिथवर जाण्याचा प्रश्न. फी दाव्याच्या मूल्यांकनावर ठरते, सरसकट नाही. आणि हे बदल झाले २०१८ मध्ये, मेसेज मात्र ‘आता’ म्हणतो.

सगळ्यात घातक ओळ बायकांच्या सवलतीची. १ ऑक्टोबर १९९४ ची राज्य सरकारची अधिसूचना आहे, याच कायद्याच्या कलम ४६ खाली काढलेली. पोटगी, संपत्तीचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या चार विषयांतल्या प्रकरणांत महिला पक्षकाराला न्यायालय फी माफ आहे. २०१८ मध्ये दर वाढले म्हणून ती रद्द झाली नाही. बाई आहे म्हणून प्रत्येक दाव्याला माफी मिळते असं नाही, धंद्यातल्या येणे-वसुलीला ती गृहीत धरू नये. पण वडिलांच्या घरातला हिस्सा हा संपत्तीचा वाद नाही, तर काय आहे? वकिलाला दाव्यातच या अधिसूचनेचा उल्लेख करायला सांगायचा, बस. तीस वर्षं जुनी सवलत, आणि ज्यांच्यासाठी काढली त्यांनाच ‘बंद झाली’ म्हणून सांगायचं!

‘फी परत नाही’ हेही खोटं. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली फी परत मिळते, विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ मध्ये तसं लिहिलं आहे. न्यायाधीशांच्या खिशाबद्दल काय बोलायचं? फी राज्याच्या तिजोरीत जाते.

आणि गरिबांनी पायरी चढू नये म्हणे. त्याच अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, मुलं, कोठडीतले लोक आणि महिला मोफत विधी सहाय्याला पात्र आहेत. महिलांना उत्पन्नाची अटही नाही. त्यात वकीलही आला आणि फीही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, ती बहुधा कोर्टाच्या आवारातच असते.

मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. सोमवारी ती वकिलांकडे जाते आहे. तिनं तो मेसेज ज्या चौघींना पाठवला होता, त्यांचे नंबर मी मागून घेतलेत. त्यांतली एक पोटगीचा अर्ज करावा की नाही, या विचारात दोन महिने बसून आहे.