वृद्धाश्रमात ‘फक्त प्रेम’ पुरत नाही

‘वाढदिवस हॉटेलात कशाला? वृद्धाश्रमात करा. केक-फळं न्या, दोन तास हसा-बोला. आजी-आजोबांना फक्त प्रेम हवं असतं, त्याला काही शिकावं लागत नाही.’ नागपूरच्या ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतो. त्यातला जिव्हाळा खरा आहे, सल्ला मात्र धोक्याचा.

‘केक-फळं न्या.’ मधुमेह्याच्या हातात संत्रा बर्फी दिली की वाढलेली साखर रात्रपाळीच्या मावशींना निस्तरावी लागते. संत्री-केळी निरुपद्रवी वाटतात. पण मूत्रपिंडं निकामी होत आलेल्याला त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं. आधी फोन करून विचारा. गरज अनेकदा मोठ्यांच्या डायपरची, नाहीतर पाय न घसरणाऱ्या चपलांची असते.

‘शिकावं लागत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. पक्षाघात झालेल्याला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पाठ टेकवून ताठ बसवा, मान मागे जाऊ देऊ नका. चहाचा चमचा घ्या, तोही अर्धाच भरा. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. अशांना ठसका बहुधा पातळ पाण्याचाच लागतो, म्हणून पाणी कसं द्यायचं ते नर्सला विचारा. खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर लगेच थांबा. जेवणानंतर अर्धा तास झोपवू नका.

उठवताना हाताला किंवा काखेत धरून ओढलं तर खांद्याला इजा होते. पलंगाच्या काठावर पाय सोडून एक-दोन मिनिटं बसू द्या. एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो.

‘हसा-बोला.’ जरूर, पण समोर बसून, सावकाश. ओरडू नका. श्रवणयंत्र मुकं असेल तर सेल पाहा: नव्या झिंक-एअर (हवा लागल्यावर चालू होणाऱ्या) सेलचा स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा.

‘दोन तास.’ वर्षातून एकदाच्या दोन तासांपेक्षा दर बुधवारचा एक तास कितीतरी मोलाचा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर फारच. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून दर तासाला अर्धा पेला पाणी हातात द्यावं लागतं (हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी ठरवलं तेवढंच). कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासांची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. आणि कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमट उकाडा साचतो.