शिक्षण कमी करून मिळेल

लग्नाच्या बायोडाटात आमच्याकडे वय कमी लिहितात, नोकरीच्या बायोडाटात शिक्षण. पहिल्या प्रकाराला समाजाची पूर्वापार मान्यता आहे. दुसऱ्या प्रकारातला दारव्हा तालुक्यातला पहिला जाणकार मीच असावा, असा माझा नम्र दावा आहे.

मूळ माल असा : एम.ए. अर्थशास्त्र, बी.एड., नेट आणि वर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची पीएच.डी. प्रबंधाचा विषय ग्रामीण बेरोजगारी. विषयाशी इतका एकनिष्ठ राहिलेला संशोधक विद्यापीठाला दुसरा मिळायचा नाही. प्रबंध बांधून दिला, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटून झाले, तरी माझं फील्डवर्क चालूच आहे.

मधली काही वर्षं एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलं. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. दिवाळी, परीक्षा, उन्हाळा आणि संस्थापकांची जयंती या काळात प्राध्यापकाला भूक लागत नाही, असं धरून चाललेलं हे तत्त्व आहे. कायम जागेची चौकशी केली तेव्हा एक आकडा कानात सांगण्यात आला. घरी येऊन तो बाबांना सांगितला. बाबांनी सातबाऱ्याकडे पाहिलं, सातबाऱ्यावरच्या सोसायटीच्या बोज्यानं बाबांकडे पाहिलं, आणि विषय तिथंच मिटला.

मग कळलं की तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर माणूस पाहिजे. कापसाच्या गाड्या मोजायच्या, पावत्या फाडायच्या. गेलो. शेठनी बायोडाटा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आणि उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

‘‘डाक्टर होय?’’

‘‘पीएच.डी. आहे.’’

‘‘बरं, बरं. बसा ना. ए पोट्ट्या, दोन चाय सांग.’’

तिथंच मी समजलो की नोकरी गेली. ज्याला कामावर ठेवायचं त्याला कोणताही शेठ चहा पाजत नाही.

‘‘एवढं शिकून काट्यावर काहून बसता? उद्या कॉलेजची ऑर्डर आली का जासान सोडून.’’

‘‘शेठ, ते ऑर्डर मी नेट झालो तवापासून येऊनच राहिली.’’

‘‘अन् काट्यावरचं जमन का तुमाले?’’

इथं माझ्यातला प्राध्यापक उसळला. सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, आठच्या वर गेला की भाव कापते आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. धागा लांब असला की भाव वेगळा. हमीभावाची शिफारस कोण करते, मंजुरी कोण देते, हे सगळं मी फळा नसताना समजावून सांगितलं. शेठ लक्ष देऊन ऐकत होते. इतका चांगला विद्यार्थी मला सीएचबीत मिळाला नव्हता.

‘‘हेच तं भेव हाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुमाले समजते. अन् तुमाले समजते तं तुम्ही कास्तकारालेही सांगसान.’’

चहा मात्र फक्कड होता.

मायकल स्पेन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७३ साली मांडलं की पदवी ही मालकाला दाखवलेली एक खूण असते : गडी हुशार आहे, चिकाटीचा आहे, घेऊन टाका. २००१ साली त्याला नोबेलही मिळालं. सिद्धांताबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आमच्या भागातल्या मालकांना ती खूण लाल रंगात दिसते. जो माणूस आपल्या मर्जीनं कित्येक वर्षं एकाच विषयावर लिहू शकतो, तो उद्या पीएफही मागू शकतो.

तेव्हापासून पऱ्हाटीचे शेंडे खुडावेत तशा मी बायोडाटातल्या डिगऱ्या वरून खुडायला लागलो. शेंडा खुडला की बोंडं जास्त धरतात म्हणतात. एका पतसंस्थेत पीएच.डी. खुडून गेलो. तिथले मॅनेजर बी.कॉम. निघाले. माझं एम.ए., नेट पाहून त्यांनी खुर्ची थोडी मागं सरकवली आणि जागा भरली म्हणून सांगितलं. कोणती जागा ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ती त्यांचीच वाटत होती. मग नेट खुडली. मग एम.ए. खुडलं. शेवटी एका ठोक किराणा दुकानात निव्वळ बारावी पास होऊन उभा राहिलो.

खुडणीतली अडचण तिथं कळली. डिगरी जाते, पण तिची वर्षं बायोडाटात तशीच राहतात.

‘‘बारावी होऊन वीसच्या वर वर्सं झाली,’’ मालक म्हणाला. ‘‘मंग इतके दिवस काय केलं?’’

आता याला काय सांगावं? शिकत होतो म्हणायची सोय नव्हती. ‘‘वावर करत होतो,’’ असं म्हटलं.

‘‘हात दाखवा.’’

दाखवले. त्यानं तळव्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की इतके दिवस मी जेलात होतो अशीच त्याची खात्री झाली असावी. बारावी पास माणसाचे इतके मऊ हात त्यानं पाहिलेच नव्हते.

बरं, जिथं शिक्षण मागतात तिथं तरी जमावं! कृषी केंद्रात विचारलं तर कीटकनाशकाच्या परवान्याला शेतकीची नाहीतर विज्ञानाची डिगरी लागते म्हणे. म्हणजे काट्यावर मी जास्त शिकलेला आणि फवाऱ्याच्या औषधापुढं अडाणी.

सरकारी नोकरीचं म्हणाल तर तिथं मी एकटा नाही, हाच मोठा दिलासा. २०१९ साली मंत्रालयाच्या कँटीनमध्ये वेटरच्या १३ जागांसाठी सात हजार अर्ज आले होते. पात्रता चौथी पास. निवड झालेल्यांपैकी बारा जण पदवीधर निघाले. तेराव्यानं नेमकं काय करून घुसखोरी केली, यावर खरं तर प्रबंध व्हायला पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात पोलिसांच्या संदेशवाहकाच्या ६२ जागांसाठी ३,७०० पीएच.डी.वाल्यांनी अर्ज केले. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. ही बातमी वाचून मला भरून आलं. सायकल मला उत्तम येते. तेवढ्या एका बाबतीत माझी पात्रता आजवर कोणी जास्त ठरवलेली नाही.

२०२३ मध्ये तलाठ्याची जाहिरात आली. जागा साडेचार हजारांच्या वर, अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्या गटाला हजार रुपये आणि राखीव गटाला नऊशे. अर्थशास्त्राचा माणूस असल्यानं मी आधी गुणाकार केला, उत्तर पाहून थोडा वेळ खाटेवर पडून राहिलो आणि मग फी भरली. बेरोजगारीतून एवढा महसूल निघू शकतो, हे माझ्या प्रबंधात राहून गेलं आहे. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत झाली, त्यामुळे गुणांचं सामान्यीकरण, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका मापात आणणं, झालं आणि निकालात दोनशेपैकी २१४ गुण मिळालेले उमेदवार दिसले. आजवर नोकरीपेक्षा माणूस जास्त शिकलेला ठरायचा. या वेळी तो परीक्षेपेक्षाही जास्त निघाला. माझे गुण दोनशेच्या आत, बरेच आत, होते.

पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ करून टाकलं. बारावीला महिना सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधर आणि पदव्युत्तरला सरसकट दहा. पदवीच्या वरचं सगळं एकाच भावात, हे आमच्या मार्केटला धरूनच झालं. पण वयाची अट पस्तीसची. मी भाऊ होतो, लाडका राहिलो नव्हतो.

यावरून मी रिकामा असतो असं कोणी समजू नये. गावात माझ्याइतका कामात बुडालेला माणूस नाही. सकाळी दातून तोंडात असतानाच कोणीतरी कागद घेऊन ओट्यावर बसलेलं असते. ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही, लाडक्या बहिणीची केवायसी अडकली, वारसाची नोंद करायची, तेरवीची पत्रिका लिहायची, सरपंचाचं भाषण लिहायचं आणि सरपंचाच्या विरोधातला तक्रार अर्जही लिहायचा. शेवटची दोन कामं एका सकाळी आली तेव्हा दोन्हींत शुद्धलेखन सारखंच चोख ठेवलं. एक रुपयात पीक विमा होता त्या दोन वर्षांत तर माझ्या ओट्यावर रांग लागायची. विम्याला रुपया मिळे, मला ‘‘सर, चाय घ्या ना’’ मिळे.

भाच्यानं सुचवलं, ‘‘मामा, हेच काम पैशानं करा ना. सेवा केंद्र टाका.’’ पाटी लिहून ओट्यावर लावली. दर पाहून शेजारचे काका चारचौघांत रागावले. ‘‘तुह्याजवळ काय पैसे द्याचे बे? तू तं आपला हायेस.’’ ज्यांना पैसे द्यायचे होते ते तालुक्याच्या केंद्रात गेले. ते केंद्र चालवणारा पोरगा बारावीत दोनदा बसलेला. त्याला सगळे साहेब म्हणतात. फॉर्मवर इंग्रजीत काही लाल अक्षरं आली की साहेब मला फोन लावतात आणि मी त्यांना समजावून सांगतो. मोबाइलचा रिचार्ज माझाच असते.

आमच्या घरात कमावती ती आमची मंडळी, गावची आशाताई. दहावी पास. परवा ती सर्व्हेचं रजिस्टर घेऊन बसली होती. आपलं घर आलं तशी तिनं पेन थांबवला.

‘‘अजी, व्यवसायात काय लिहू?’’

‘‘बेरोजगार लिही.’’ आणि लगेच माझ्यातला अभ्यासक आडवा आला. ‘‘नाही, थांब. तसं लिहिता येत नाही. श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक व्याख्येत मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. घरच्या वावरात बिनपैशानं मदत केली तरी चालते. परवा मी बाबांसोबत तुरीत गेलो होतो. जोन रॉबिन्सन या बाईंनी १९३६ सालीच याला प्रच्छन्न बेकारी म्हणून ठेवलं आहे, म्हणजे माणूस वरून कामावर दिसते पण...’’

‘‘एका घंट्यात हप्त्याचा रोजगार होते म्हन्ता?’’ तिनं मधेच विचारलं.

‘‘व्याख्येप्रमाणे होते.’’

तिनं रजिस्टर मिटलं, कोपऱ्यातला विळा माझ्यापुढं सरकवला. ‘‘मंग आज चार घंटे निंदा तुरीत. या हप्त्याचा तुमचा, बाबाचा, भाऊजीचा अन् त्या बाईचा, सगळ्याइचाच करून टाका. अन् हो, चार कागद घेऊन आलेले बसले हायेत ओट्यावर, त्याइले सांगा संध्याकाळी या म्हनून. साहेब ड्युटीवर हाय.’’