आजचं टेबल बघून आरओए बनवू नका

"आरओए बनवायला जुना डेटा कशाला चाळायचा? आज बीजीपी टेबलमध्ये दिसतंय ते नोंदवा, शंका वाटली तर मॅक्सलेंग्थ २४ ठेवा. काही राहिलंच तर ते 'नॉट फाउंड' ठरेल, बिघडत नाही." नेटवर्कवाल्यांमध्ये हा सल्ला फार फिरतो. आरओए म्हणजे आयपी पत्त्यांचा कुठला ब्लॉक कुठल्या एएसने (क्रमांक असलेल्या नेटवर्कने) जाहीर करायचा, याची सही केलेली नोंद. बीजीपी टेबल म्हणजे नेटवर्क्स एकमेकांना जाहीर करतात त्या मार्गांची यादी. ब्लॉकचा आकार /२०, /२४ असा लिहितात, आकडा मोठा तितका तुकडा लहान. मॅक्सलेंग्थ म्हणजे आरओए परवानगी देतो तो सगळ्यात लहान तुकडा.

सगळ्यात घातक शेवटचं वाक्य. आरएफसी ६८११ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) प्रमाणे प्रीफिक्सला, म्हणजे जाहीर केलेल्या ब्लॉकला, व्यापणारा एकही आरओए नसेल, तरच तो 'नॉट फाउंड'. तुम्ही स्वतःच्या एएससाठी /२० चा आरओए काढलात आणि त्यातला /२४ ग्राहक त्याच्या एएसवरून जाहीर करत असेल, तर तो थेट 'इनव्हॅलिड'. तपासणी करणारी नेटवर्क्स तो मार्ग टाकून देतात. म्हणून तर आरएफसी ७११५ बजावतं: आधी ग्राहकांच्या तुकड्यांचे आरओए, मग मोठ्या ब्लॉकचा.

पण हे तुकडे शोधायचे कुठे? आजच्या टेबलात आज चालू असलेलंच दिसणार. बॅकअप लिंक मुख्य लिंक पडल्यावरच दिसते. डीडीओएसपासून (खोट्या ट्रॅफिकच्या लोंढ्याच्या हल्ल्यापासून) वाचवणारी कंपनी तुमचा /२४ स्वतःच्या एएसवरून जाहीर करते, तोही हल्ल्याच्या वेळीच. आणि ऐन हल्ल्यात आरओए काढून तो जगभरच्या राउटरांपर्यंत पोचायची वाट बघणं परवडत नाही. राइप या आयपी पत्ते वाटणाऱ्या युरोपीय संस्थेचा आरआयएस हा संग्रह १९९९ पासूनचे मार्ग साठवून आहे. कुठल्या ब्लॉकवर कुठला ओरिजिन (मार्ग मुळात जाहीर करणारा एएस) किती काळ दिसला, हे तिथे सापडतं.

मॅक्सलेंग्थ २४ म्हणजे तर दार सताड उघडं. तुम्ही जाहीर न केलेला /२४ हल्लेखोर तुमचाच एएस क्रमांक पाथच्या (मार्गातल्या एएसच्या यादीच्या) शेवटी लावून जाहीर करतो. तो 'व्हॅलिड' ठरतो आणि जास्त नेमका म्हणून जिंकतोही. आरएफसी ९३१९ (२०२२) म्हणूनच मॅक्सलेंग्थ टाळायला सांगतं.

"जुन्या डेटात कचराही असतो," हा आक्षेप मात्र खरा आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा २०८.६५.१५३.०/२४ सुमारे दोन तास जाहीर केला होता. इतिहासावरून आंधळेपणाने आरओए काढणारी स्क्रिप्ट त्यालाही परवानगी देऊन मोकळी होईल! अल्पकाळ दिसलेलं सरसकट गाळणंही चुकीचंच. डीडीओएसचे मार्गही अल्पकाळच दिसतात. इतिहासातून फक्त विचारायच्या प्रश्नांची यादी मिळते, उत्तरं करारांत आणि ग्राहकांच्या नोंदींत असतात. खासगी पीअरिंगपुरते (दोन नेटवर्कांच्या थेट जोडणीपुरते) जाहीर केलेले मार्ग तर आरआयएससारख्या कलेक्टरपर्यंत पोचतही नाहीत. त्यासाठी आपल्याच राउटरचं कॉन्फिगरेशन उघडावं लागतं.