सन्नतीला जाता, तर कनगनहळ्ळीलाही जा

आमचे कुलदैवत सन्नतीची चंद्रलांबा परमेश्वरी. आम्ही बेळगावहून विजापूरमार्गे जातो, कलबुर्गीत मुक्काम करतो, सकाळी भीमेच्या पाण्यात पाय धुऊन देवीची ओटी भरतो, प्रसाद घेतो आणि परतीच्या वाटेला लागतो. आजोबांपासून हेच चालत आले आहे. देवळापासून तीनएक किलोमीटरवर, कनगनहळ्ळीच्या शिवारात, सातवाहनकाळातील एका महास्तूपाचे अवशेष आहेत, हे मात्र चाळिशी उलटेपर्यंत मला घरात कोणी सांगितले नाही, कारण घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. गेल्या वर्षी मी हट्टाने गाडी तिकडे वळवली. आपल्या भागातून सन्नतीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या स्तूपासाठी दोन तास राखून ठेवावेत, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते.

खरे तर सुरुवात देवळाच्या आवारातूनच करायला हवी. १९८६ साली तिथल्या काली मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी प्राचीन ब्राह्मी लिपीतील अक्षरे होती. ती शिळा सम्राट अशोकाची होती. तिच्या एका बाजूला त्याच्या प्रमुख शिलालेखांपैकी बाराव्या आणि चौदाव्या लेखाचा मजकूर आहे, तर दुसऱ्या बाजूला एरवी ओडिशातील धौली आणि जौगड येथेच आढळणारे दोन स्वतंत्र लेख आहेत. पुढे कधीतरी मूर्ती बसवण्यासाठी कोणीतरी या शिळेच्या मधोमध चौकोनी खाच पाडली आणि तेवढी अक्षरे कायमची गेली. बाराव्या लेखात अशोक सांगतो की, केवळ आपल्याच पंथाची थोरवी गाऊन दुसऱ्याच्या पंथाला नावे ठेवू नयेत, एकमेकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. आमच्या तीन पिढ्या त्या आवारात नारळ वाढवून आल्या आणि हा मजकूर त्याच आवारात, मूर्तीच्या भाराखाली, मुका पडून होता. हे कळल्यावर त्या जागेकडे पाहण्याची माझी नजर बदलली, आणि देवीवरची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही.

कनगनहळ्ळीचे उत्खनन १९९० च्या दशकात सुरू झाले. तिथल्या लेखांत या स्तूपाचे नाव ‘अधोलोक महाचेतिय’, म्हणजे महाचैत्य, असे येते. आज डोळ्यांपुढे येतो तो स्तूपाचा घेर, त्याच्या वेदिकेचे, म्हणजे दगडी कठड्याचे, भाग आणि कोरीव शिळा. काही शिळा अखंड आहेत, तर काहींचे तुकडे जुळवून ठेवलेले आहेत. त्यांतल्या एका शिळेवर राजा आणि राणी उभे आहेत, मागे छत्र-चामर धरणाऱ्या दासी आहेत आणि वर दोनच शब्द कोरले आहेत: ‘रायो असोको’, म्हणजे राजा अशोक. अशोकाच्या नावासह कोरलेले त्याचे हे शिल्प त्याच्यानंतर काही शतकांनी घडवलेले आहे, म्हणजे ज्याने कोरले त्याने त्याला पाहिलेले नव्हते. तरीही नाव कोरून ठेवावे इतकी त्याची आठवण भीमेच्या काठी जिवंत होती. पंढरपूरला जिला आपण चंद्रभागा म्हणतो, तीच ही नदी.

आत्या माझ्याबरोबर होत्या. देवदर्शन झाल्यावर उन्हात आणखी कुठे फिरायचे, म्हणून त्या आधी नाराज होत्या. परंतु एका शिळेच्या कडेला, जिथे कोरीव काम नव्हते तिथे, त्या वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अरे, ही तर आपल्या सोप्यातली फरशी!” त्यांचे म्हणणे खरेच होते. तो त्याच मुलखातला चुनखडीचा दगड, ज्याला आपण शहाबादी म्हणतो. शहाबाद तिथून फार लांब नाही. ज्या फरशीवर आम्ही लहानपणी पंगतीला बसलो, तिच्याच जातीच्या दगडावर बुद्धाचे जीवन कोरलेले आहे, ही ओळख मला कोणत्याही फलकाने करून दिली नसती.

कनगनहळ्ळीच्या लेखांची भाषा प्राकृत आहे. आपण सीमाभागातील माणसे प्रत्येक दगड मराठीचा की कन्नडचा या वादात वाढलो आहोत आणि त्या वादाची झळ मीही सोसली आहे. म्हणूनच सांगतो, इथे तो वाद लागू पडत नाही. पुण्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक लेख म्हणतो की, हे जंबुद्वीपातील उत्तम ‘सेलघर’, म्हणजे खडकात कोरलेले घर, वेजयंतीच्या सेठी भूतपालाने पूर्णत्वाला नेले. वेजयंती म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी. आज ज्याला आपण कर्नाटक म्हणतो तिथल्या एका शेटजीने आज ज्याला महाराष्ट्र म्हणतो तिथल्या डोंगरात पैसा ओतला आणि जो शब्द कोरून घेतला, त्यातले ‘घर’ मी रोज उच्चारतो. बनवासीतही चुटु घराण्यातील सातकर्णी राजाच्या काळातील एक नागशिळा आहे, तिच्यावर राजकन्येने नाग, तळे आणि विहार दान केल्याची नोंद आहे.

आपल्याला त्याहून जवळचे म्हणजे ऐहोळे. तिथल्या मेगुतीच्या जैन मंदिराकडे कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४ चा लेख पाहायला पुष्कळजण चढतात, पण त्याच टेकडीच्या उतारावर, अर्धे खडकात कोरलेले आणि अर्धे बांधलेले, दुमजली बौद्ध मंदिर आहे. तिथे क्वचितच कोणी थांबते. वरच्या ओसरीच्या छतावर छत्राखाली बसलेला बुद्ध आहे. मान वर करून पाहावा लागतो. गदगजवळच्या डंबळच्या १०९५ च्या लेखात तर बौद्ध विहाराला आणि तारादेवीला दिलेल्या दानाची नोंद आहे. बौद्ध धर्म आपल्याकडून फार लवकर नाहीसा झाला, असे शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला ही तारीख दोनदा वाचावी लागली.

जाणाऱ्यांनी शक्यतो सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असले की उथळ कोरलेली अक्षरे उठून दिसतात, आणि दुपारी तीच शिळा सपाट वाटते. शिळांवर पाणी ओतू नये, खडूने अक्षरे रंगवू नयेत. मुलांना घरीच ब्राह्मीतली दोन अक्षरे शिकवून न्यावीत, ‘दा’ आणि ‘नं’. उलट्या टी-सारखे दिसते ते ‘न’, आणि त्याच्याजवळचा टिंब म्हणजे अनुस्वार. १८३७ मध्ये इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपला सांचीच्या लेखांच्या शेवटी हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसली, तिथे ‘दानं’ असणार असे त्याने ताडले आणि ब्राह्मी वाचण्याची वाट मोकळी झाली. माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीने कनगनहळ्ळीला हा शब्द स्वतः शोधला आणि आत्यांचा हात धरून त्यांचे बोट त्या अक्षरांच्या अगदी जवळ नेले, दगडाला न लावता.