‘लस घेतली ना, मग जखमेत सुई कशाला?’ रेबीजच्या मोनोक्लोनल इंजेक्शनवरच्या एका संदेशाला उत्तर

कुत्रा चावल्याच्या बातम्या आल्या की व्हॉट्सॲपवर एक संदेश पुन्हा डोकं वर काढतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘कुत्रा चावला तर दंडावरची लस पुरेशी आहे. जखमेत टोचायचं नवीन मोनोक्लोनल इंजेक्शन घेऊ नका. ते उंदराच्या रक्तापासून बनवतात. जखमेत सुई घातल्याने विषाणू आत ढकलला जातो. लसीचा असर मारला जातो. माणसांवर त्याची चाचणी झालेली नाही. घोड्याचं स्वस्त सीरम असताना हे गळ्यात मारणं म्हणजे निव्वळ धंदा.’

यातल्या एक-दोन वाक्यांत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच संदेश वाचणाऱ्याला पटतो. पण पहिलंच वाक्य जिवावर बेतणारं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

‘लस पुरेशी आहे.’

ते चावा कसा आहे यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे तीन वर्ग केले आहेत. धड कातडीवर जनावराने नुसतं चाटलं तर काहीच द्यावं लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा असेल तर जखम धुणं आणि लस. कातडी फाटली, रक्त आलं, किंवा लाळ उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात गेली, तर तो तिसरा वर्ग. तिथे लसीच्या जोडीला जखमेत तयार प्रतिपिंडंही, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिनंही, द्यायची असतात. मोनोक्लोनल इंजेक्शन आणि घोड्याचं सीरम ही दोन्ही अशीच तयार प्रतिपिंडं. संदेश लिहिणाऱ्याने हे तीनही वर्ग एकाच पोत्यात भरलेत.

फरक का, तर वेळेमुळे. लस टोचली की शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण ती रक्तात दिसू लागायला साधारण आठवडा जातो आणि पुरेशी व्हायला दोन आठवडे. तेवढ्या काळात जखमेतला विषाणू स्नायूंतून नसांच्या टोकांपर्यंत पोचू शकतो. एकदा तो नसेत शिरला की रक्तातली प्रतिपिंडं त्याला सहसा गाठू शकत नाहीत. नसेतून तो मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे सरकतो. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, पण चेहरा, मान, हाताची बोटं अशा ठिकाणी नसा दाट असतात, आणि डोक्या-मानेच्या जखमेपासून मेंदू तर हाकेच्या अंतरावर. तिथे हा काळ आठवड्यांवर येऊ शकतो. लक्षणं दिसल्यानंतर रेबीजवर उपाय जवळजवळ नाहीच. लस म्हणजे पेरणी. पीक हाती येईपर्यंत घरात शिजवायला धान्य लागतं, ते काम जखमेतली प्रतिपिंडं करतात.

हा केवळ तर्क नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये इराणमधल्या सहने गावात एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना चावे घेतले. इराणच्या पाश्चर संस्थेत बाल्तझार आणि बहमनयार हे संशोधक तेव्हा रेबीजविरोधी सीरमवर काम करत होते. डोक्याला गंभीर जखमा झालेल्यांपैकी ५ जणांना नुसती लस मिळाली, त्यातले ३ दगावले. १३ जणांना लसीबरोबर सीरमही मिळालं, त्यातला १ दगावला. आकडे लहान आहेत आणि तेव्हाची लस आजच्यापेक्षा कितीतरी दुबळी होती, हे मान्य. पण आजचा जगभरचा नियम ज्या अनुभवांवर उभा आहे, त्यातला हा सर्वांत ठळक. हा प्रयोग मुद्दाम पुन्हा करणं कुणाही डॉक्टरच्या विवेकाला पटणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर केरळ बघा. २०२२ मध्ये तिथे लस घेऊनही काही जण रेबीजने गेले आणि लसच बोगस असल्याची ओरड झाली. केंद्रीय औषध प्रयोगशाळेच्या तपासणीत लस दर्जेदार निघाली. लस घेऊनही मृत्यू का होतात याचा शोध घेतला की बहुतेक वेळा याच गोष्टी सापडतात: जखम नीट धुतली नव्हती, प्रतिपिंडं दिलीच नव्हती, किंवा चार जखमांपैकी एखादी सुटली होती.

एक अपवाद मात्र आहे. ज्याने रेबीजची लस आधी पूर्ण घेतली आहे आणि त्याची नोंद आहे, त्याला पुन्हा चावा झाला तर लसीचे दोन डोस पुरतात, प्रतिपिंडांची गरज नसते. कदाचित अशाच कुणाचा अनुभव पुढे सरकत सरकत सगळ्यांसाठीचा सल्ला बनला असावा.

‘उंदराच्या रक्तापासून बनवतात.’

उंदराचा संबंध आहे. रक्ताचा नाही.

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न मरता वाढत राहणारी कर्कपेशी यांची जोडणी केली. नुसती प्लीहेतली पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरते. जोडलेली पेशी मात्र वाढत राहते आणि कायम एकाच साच्याचं प्रतिपिंड बनवते. मोनोक्लोनल म्हणजे हेच: एका पेशीची वंशावळ, एकच प्रतिपिंड. १९८४ चं नोबेल या दोघांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं.

पहिलं मोनोक्लोनल औषध १९८६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, बदललेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून. ते पूर्णपणे उंदराच्या साच्याचं होतं आणि माणसाचं शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू लागे. ‘उंदराचं’ या आक्षेपात दम होता तो तेव्हा. नंतरची वर्षं शास्त्रज्ञांनी उंदराचा भाग कमी करत नेण्यात घालवली. शेवटी ज्यांच्यात माणसाची प्रतिपिंड-जनुकं बसवली आहेत असे उंदीरच तयार झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड हे अशाच उंदरातून निवडलेलं मानवी प्रतिपिंड आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायॉलॉजिक्स या संस्थेबरोबर ते विकसित झालं आणि २०१६-१७ च्या सुमारास भारतात आलं. रेबीजवरचं जगातलं हे पहिलं मोनोक्लोनल औषध, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं. झायडसचं ट्विनरॅब त्यानंतरचं. त्यात दोन प्रतिपिंडं आहेत, दोन्ही मुळात उंदराच्या पेशींतून निवडलेली.

निवड झाली की उंदराची पाळी संपते. रॅबिशील्डच्या बाबतीत प्रतिपिंडाचं जनुक चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींमध्ये घातलं जातं. या पेशी १९५७ पासून प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. आज त्यासाठी कुणी हॅमस्टर मारत बसत नाही. पोलादी टाक्यांत, ठरावीक तापमानात, साखर आणि अमिनो आम्लांच्या द्रवात त्या वाढतात आणि प्रतिपिंड बाहेर सोडतात. मग पेशी गाळून काढतात, फक्त प्रतिपिंडाला पकडून ठेवणाऱ्या स्तंभातून द्रव जातो, चुकून एखादा विषाणू असलाच तर तो आम्लाने निकामी करतात आणि अतिसूक्ष्म गाळणीने अडवतात. प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. तुमच्या ओळखीत कुणी डायलिसिसवर असेल आणि रक्त वाढण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन घेत असेल, किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब घेत असेल, तर तेही याच हॅमस्टर पेशींतून आलेलं असतं.

गंमत अशी की रक्तापासून बनतं ते जुनं औषध. घोड्याला रेबीजची लस पुन्हा पुन्हा टोचून त्याचं रक्त काढतात आणि त्यातला प्रतिपिंडांचा भाग वेगळा करतात, तेच घोड्याचं सीरम. त्याचाच दुसरा प्रकार, मानवी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे माणसाची प्रतिपिंडं; ते लस घेतलेल्या दात्यांच्या रक्तद्रवातून येतं. म्हणजे ‘रक्त नको’ म्हणून मोनोक्लोनल नाकारणारा माणूस नेमकं रक्तातूनच आलेलं औषध मागत असतो.

‘जखमेत सुई घातल्याने विषाणू आत ढकलला जातो.’

विषाणू दाताबरोबर आधीच आत गेलेला असतो. औषध दंडात दिलं तर ते रक्तात पसरून पातळ होतं आणि जखमेत अगदी थोडं पोचतं. म्हणून ते जखमेच्या आत आणि कडेकडेने भरतात. दुखतं, विशेषतः बोटांत, जिथे जागाच नसते. लहान मुलाला चार-पाच चावे असतील आणि वजनानुसार औषध कमी पडत असेल, तर डॉक्टर ते सलाइनमध्ये वाढवून प्रत्येक जखमेत पोचवतात. टाके शक्यतो घालत नाहीत; घालावेच लागले तर औषध भरून झाल्यावर आणि सैल.

या भीतीमागे जुनी आठवण असावी. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आजही घराघरांत सांगितली जातात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी सेंपल लस होती आणि भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आजची लस दंडात किंवा त्वचेत, चार-पाच भेटींत संपते. जखमेत भरू नये असं खरोखर काही असेल, तर ते मिरची, चुना, हळद आणि तेल. त्यांनी जखम चिघळते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो.

‘लसीचा असर मारला जातो.’

हा आक्षेप निराधार नाही. बाहेरून दिलेली प्रतिपिंडं जास्त झाली तर लसीला शरीर देत असलेला प्रतिसाद थोडा दबू शकतो. म्हणूनच मात्रेला वरची मर्यादा आहे: मानवी इम्युनोग्लोब्युलिन किलोमागे २० युनिट, घोड्याचं ४०, रॅबिशील्ड ३.३३. म्हणूनच लस आणि प्रतिपिंडं एका सिरिंजमध्ये देत नाहीत. म्हणूनच लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस उलटून गेल्यावर प्रतिपिंडं देतच नाहीत. तोवर शरीराची स्वतःची तयार होऊ लागलेली असतात. धोका ओळखून नियम केलेत. संदेशाने धोका तेवढा उचलला आणि नियम गाळले.

‘माणसांवर चाचणी झालेली नाही.’

झाली आहे, आणि भारतातच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिसऱ्या वर्गाचे चावे झालेले २०० जण होते. निम्म्यांना लसीबरोबर रॅबिशील्ड, निम्म्यांना लसीबरोबर मानवी इम्युनोग्लोब्युलिन. चौदाव्या दिवशी रक्तातली विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं मोजली, तेव्हा नवं औषध जुन्यापेक्षा कमी पडलं नाही. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं पाणी अशी चाचणी रेबीजमध्ये करता येत नाही. कारण उघड आहे. त्यामुळे प्रतिपिंडांची पातळी आणि त्याआधी हॅमस्टरवर दिसलेलं संरक्षण यांवरच निष्कर्ष काढावा लागतो. हा पुरावा अपुरा वाटणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं की नुसत्या पाण्याशी तुलना करणारी चाचणी घोड्याच्या सीरमचीही झालेली नाही.

जाणकारांचा खरा वाद वेगळाच आहे. एकच प्रतिपिंड विषाणूच्या एकाच जागेला चिकटतं. ती जागा बदललेला एखादा प्रकार निसटला तर? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा कल दोन किंवा अधिक प्रतिपिंडांच्या मिश्रणाकडे आहे, आणि मोनोक्लोनल वापरल्यावर रुग्णांवर लक्ष ठेवायलाही ती सांगते. पण त्याच संघटनेने २०१८ मध्ये मोनोक्लोनल उपलब्ध असेल तर ते वापरायला प्रोत्साहन दिलं आणि २०२१ मध्ये रेबीजविरोधी मोनोक्लोनल आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. हा वाद संदेशात असता तर मी तो आदराने वाचला असता.

‘घोड्याचं स्वस्त असताना हा निव्वळ धंदा.’

कंपनी नफा कमावते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अडचण किमतीपेक्षा पुरवठ्याची जास्त आहे. घोडे पाळायचे, टोचायचे, रक्त काढायचं, यात वेळ जातो आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी निघते. मानवी इम्युनोग्लोब्युलिन तर दात्यांवर अवलंबून आणि बहुतेकांच्या खिशाबाहेरचं. टाकीतल्या पेशींचं उत्पादन हवं तेव्हा वाढवता येतं आणि प्रत्येक बॅच सारखी निघते. ‘सीरम संपलंय, बाहेरून आणा’ हे वाक्य ज्यांनी सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर ऐकलंय, त्यांना यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही घोड्याचं सीरम टाकाऊ नाही. आताचं शुद्ध केलेलं सीरम पूर्वीपेक्षा बरंच सुरक्षित आहे. त्याआधीची त्वचा चाचणीही जागतिक आरोग्य संघटना आता आवश्यक मानत नाही, कारण तिच्यावरून गंभीर ॲलर्जीचा अंदाज येत नाही. मोनोक्लोनल नसेल तर घोड्याचं घ्या, पण तिसऱ्या वर्गाच्या जखमेला काहीतरी घ्याच. जवळच्या आरोग्य केंद्रात दोन्हीही नसेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि त्याच दिवशी चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा. ते जमलं नाही, तरी पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत जखमेतलं इंजेक्शन घेता येतं.