मार्कर बंद करून काही होत नाही

ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोठ्या मोकळ्या जगात हवं तिथे फिरायच्या गेममध्ये, क्वेस्ट मार्कर (दिलेल्या कामाची जागा दाखवणारा बाण) बंद केला की इमर्शन, म्हणजे त्या जगात हरवून जाणं, आपोआप येतं असं सांगणारे लोक आता माझ्या डोक्यात जायला लागलेत. ऐरोलीला आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये असे दोघं आहेत, दोघंही चांगले मित्र आहेत माझे, पण डबा उघडला आणि गेमचा विषय निघाला की यांचं सुरूच, मार्कर म्हणजे बोट धरून चालवणं, मार्कर म्हणजे पोरांचे खेळ, खरा गेमर आधी सेटिंगमध्ये जाऊन कंपास (स्क्रीनवरची दिशा दाखवणारी पट्टी) उडवतो वगैरे वगैरे. अरे पण उडवून पुढे काय? स्कायरिम या गेममध्ये मार्कर बंद करा आणि मग जर्नल, म्हणजे घेतलेल्या कामांची नोंदवही, उघडा. एका ओळीत लिहिलेलं असतं, अमुक गुहेतून तमुक वस्तू आण. गुहा कुठल्या गावाच्या कुठल्या अंगाला, रस्ता कुठून फुटतो, वाटेत काय लागतं, काही म्हणजे काही नाही. ज्याने काम दिलं त्याला परत जाऊन विचारावं तर तो बापडा तेच वाक्य पुन्हा ऐकवतो. त्याला तरी कुठे माहितीये, त्याला कुणी सांगितलंच नाहीये. लिहिणाऱ्याने लिहितानाच धरून चाललंय की वर बाण असणार आहे, मग रस्ता सांगायची गरज काय. असा गेम मार्कर काढून खेळणं म्हणजे निव्वळ वणवण.

तर माझं भांडण मार्करशी नाहीच. मार्कर आला आणि गेममधली माणसं रस्ता सांगायची बंद झाली, त्याच्याशी आहे.

माझी सुरुवात मॉरोविंडपासून झाली, स्कायरिमच्याच एल्डर स्क्रोल्स मालिकेतला आधीचा गेम. 2002 चा गेम, पण नौपाड्यात आमच्या घरी पोचेपर्यंत जुना झालेला, दादाने कुणाकडून तरी राइट केलेली सीडी आणली होती. ओरिजिनल बॉक्समध्ये कागदी नकाशा यायचा, आम्हाला कुठला नकाशा, आम्ही त्याच्या केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर रस्ते काढायचो आणि आईला वाटायचं पोरं अभ्यास करतायत. त्या गेममध्ये कंपासवर बाण नाही, काही नाही. बाल्मोरा गावात फायटर्स गिल्डमध्ये हास्फाट अंताबोलिस नावाचा एक माणूस असतो, तुम्हाला त्याच्याकडून माहिती हवी असते, तो म्हणतो आधी आर्कन्थांडच्या पडक्या अवशेषांतून मला एक पझल बॉक्स आणून दे, मग बोलू. आणि जायचं कसं हे शब्दांत सांगितलेलं असतं. गावाबाहेर पडून मूनमॉथच्या किल्ल्याकडे जायचं, किल्ल्यावरून पुढे गेलं की लाव्ह्याने कोरलेली एक लांबलचक दरी, तिच्यावर ड्वेमर नावाच्या नाहीशा झालेल्या लोकांचा जुना पूल, पूल ओलांडला की पलीकडे अवशेष. आता हे वाचून निघालात की तुमचे डोळे कुठे असतात? समोर असतात. किल्ला दिसतोय का बघत चालता, किल्ला दिसला की हुश्श, मग दरी, आणि राखेच्या धुरळ्यात तो पूल पहिल्यांदा दिसतो तेव्हा जो आनंद होतो ना, तो पूल कुणी बाणाने दाखवला असता तर मला आज त्याचा रंगसुद्धा आठवला नसता. दार बंद असतं, शेजारी पाइपला एक दांडा असतो, तो फिरवायचा. आत तो पझल बॉक्स म्हणजे एवढासा चौकोनी ठोकळा, एका खोलीत फळीवर ठेवलेला, अंधारात दिसता दिसत नाही, आणि त्या फळीने जगभरातल्या लोकांच्या इतक्या शिव्या खाल्ल्यात की विचारू नका. आमच्याही खाल्ल्या.

हे वाचून कॅन्टीनवाले खूश होतील, बघ बघ तूच म्हणतेस. थांबा जरा. मॉरोविंडमध्ये काही ठिकाणी रस्ता सांगणाऱ्याने पूर्व-पश्चिमेची गडबड करून ठेवलीये, तुम्ही डोंगरात तासभर भटकता आणि वरून ते क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी डोक्यावर येऊन किंचाळत बसतात. जर्नल तर सुरुवातीला निव्वळ तारखेप्रमाणे भरत जायचं, सगळी कामं एकात एक कालवलेली, त्याच वर्षी ट्रिब्युनल नावाचं एक्सपान्शन, म्हणजे त्याच गेमची पुढची भर, आलं तेव्हा कुठे क्वेस्टप्रमाणे बघायची सोय झाली. म्हणजे लोक वैतागले होते ते खोटं नव्हतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंही तेच, 2004 चा गेम, लोकांनी आपलेआपण क्वेस्टची जागा दाखवणारा क्वेस्टहेल्पर नावाचा अ‍ॅडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बनवून वापरायला घेतला आणि मग कंपनीने 2009 च्या शेवटी ती सोय गेममध्येच टाकली. खेळणाऱ्यांनीच मागितलेली गोष्ट आहे ही, कुणी लादलेली नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते आवाजापाशी. मॉरोविंडमध्ये बहुतेक बोलणं लेखी होतं, स्क्रीनवर वाचायचं, त्यामुळे एखाद्या शेतकऱ्यालासुद्धा चार ओळी रस्ता सांगता यायचा, टाइप करायला काय पैसे पडतात. 2006 ला याच मालिकेतला ऑब्लिव्हियन आला त्यात सगळे डायलॉग रेकॉर्ड केलेले, आणि त्याचबरोबर कंपासवर मार्कर आणि मोठ्या शहरांना पहिल्यापासून फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावर निवडलं की थेट पोचणं. एकदा स्टुडिओत बोलून झालेलं वाक्य म्हणजे झालं, उद्या लेव्हल डिझायनरने गुहा टेकडीच्या उजवीकडून डावीकडे सरकवली तर कलाकाराला परत कोण बोलावणार? त्यापेक्षा बाण बरा, गुहा सरकली की बाणही सरकतो. स्कायरिममध्ये तर पुढची पायरी, रेडियंट क्वेस्ट. कंपॅनियन्स नावाच्या लढवय्यांच्या टोळीकडे काम मागायला गेलात की गेम स्वतःच यादीतून एखादी जागा उचलतो आणि तुम्हाला पाठवतो. आता ज्या जागेचं नाव रेकॉर्डिंगच्या वेळी ठरलेलंच नाही तिथला रस्ता तो माणूस सांगणार कसा? तो मोघमच बोलणार, जागेचं नाव जर्नलमध्ये किंवा एखाद्या चिठ्ठीत भरलं जाणार, आणि बाकी सगळं बाणाच्या भरवशावर. म्हणजे तिथे मार्कर काढायचा पर्यायच नाही, अख्खी इमारत त्याच खांबावर उभी केलीये.

माझा भाचा आठवीत आहे, सुट्टीत वर्तकनगरला आमच्याकडे असतो. मे महिन्यात दुपारभर पंख्याखाली बसून स्कायरिम खेळत होता आणि मी मागे ऑफिसचा कॉल म्यूट करून बघत होते. मार्कर डोंगरापलीकडे. तर हा पठ्ठ्या घोड्यावर बसून सरळ उभ्या कड्यावर उड्या मारतोय, घोडा भिंतीला चिकटून वर सरकतोय, खाली घसरतोय, परत उडी. रस्ता बाजूलाच होता हो, चांगला दगडी, दिशादर्शक पाटीसकट! मी म्हटलं अरे तो रस्ता बघ ना. तर म्हणे, "मावशी तू थांब गं, बाण इकडेच आहे." पोचला एकदाचा. मी विचारलं हे गाव कुठलं? माहीत नाही. इथे काय काम आहे? एकाला मारायचंय. का? ते स्किप केलं. त्याला मी अजिबात नावं ठेवत नाहीये, गेमने त्याला जे वाचायला शिकवलं तेच तो वाचत होता, स्क्रीनच्या वरची एक पट्टी.

आणि गंमत म्हणजे त्याच स्कायरिमला हे छान जमतं. अगदी सुरुवातीला रिव्हरवुडला जाताना तुमच्याबरोबरचा माणूस नदीपलीकडच्या डोंगरावरचं ब्लीक फॉल्स बॅरो बोट दाखवून दाखवतो, मला लहानपणी त्याची भीती वाटायची म्हणतो. पुढे दुकानात सोन्याचा पंजा चोरीला गेल्याचं काम मिळालं की दुकानदाराची बहीण कॅमिला तुमच्याबरोबर गावाच्या टोकापर्यंत चालत येते आणि पुलापाशी उभी राहून सांगते, हा पूल ओलांडा, तो डोंगरावर जाणारा रस्ता तिकडे नेईल. दोन मिनिटांचा मामला. पण तिच्या भावाला तिने तुमच्याबरोबर आलेलं पसंत नसतं, ती त्याच्याशी भांडून येते, आणि तेवढ्यात तुम्हाला गाव, ती, तिचा भाऊ आणि रस्ता चारही गोष्टी कळतात. मला सांगा, ज्यांना हे लिहिता येत होतं त्यांनी पुढे किती ठिकाणी लिहिलं? बोटावर मोजण्याइतक्या.

जुन्या ठाण्यात पत्ता विचारून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. जांभळी नाक्याला उभं राहून विचारलंत तर समोरचा आधी तुम्हालाच विचारणार, कुणाकडे जायचंय, मग म्हणणार सरळ जा, मार्केट संपलं की उजवीकडे, बोळ दिसेल, त्या बोळात शिरू नका त्याच्या पुढचा, आणि तिथे एक इस्त्रीवाला आहे त्याला विचारा. ते इस्त्रीवाल्याला विचारा हे खरं डिझाइन आहे! सगळा रस्ता एकाने सांगायचाच नाही, अर्धा सांगायचा आणि पुढच्या माणसाकडे पाठवायचं, आणि त्या पुढच्या माणसाचं त्या घराबद्दल स्वतःचं काहीतरी मत असतंच. याउलट नवी मुंबईत सिडकोने सगळं नोडमध्ये आणि सेक्टरमध्ये बसवलंय, सेक्टर अमुक प्लॉट तमुक, कुणाला काही विचारावं लागत नाही, बरोब्बर पोचता आणि वाटेत एका माणसाशी बोललेले नसता. वाशी-नेरुळवाल्यांनी राग मानू नका, माझी नोकरी तुमच्याच बाजूला आहे आणि सकाळी नऊच्या मीटिंगला जाताना मला सेक्टरच हवा असतो. पण ड्रॅगन मारायला जाताना इस्त्रीवाला हवा.

आता दुसऱ्या टोकाचे लोक, एल्डन रिंगवाले. तो गेम 2022 ला आला तेव्हा काय कौतुक, बघा क्वेस्ट लॉगच (कामांची यादीच) नाही, याला म्हणतात इमर्शन. मोठा रस्ता दाखवायला ग्रेस नावाच्या विसाव्याच्या जागांमधून निघणारे सोनेरी किरण आहेत, ते मला मनापासून आवडलं, कारण ते त्या जगातलंच काहीतरी आहे आणि कथेत त्याला अर्थ आहे. पण साइड क्वेस्ट, मुख्य कथेबाहेरची कामं? एनपीसी (गेमच चालवतो ते पात्र) तुमच्याशी दोन कोड्यातली वाक्यं बोलतो, हसतो, आणि पुढच्या वेळी नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा असतो, कुठे जातोय हे सांगेल तर शपथ. मग काय करतात लोक? दुसऱ्या स्क्रीनवर विकी, म्हणजे खेळणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीची साइट, उघडतात. अहो मी पण उघडते. फोनवर विकी, मांडीवर कंट्रोलर, आणि वर ऐकायचं की या गेममध्ये मार्गदर्शन नाही. मार्गदर्शन आहे की, फक्त ते फुकट काम करणाऱ्या विकीवाल्यांच्या गळ्यात मारलंय. फोनकडे बघणं हे मिनीमॅपकडे (स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे) बघण्यापेक्षा जास्त इमर्सिव्ह कसं काय, मला कुणीतरी समजावून सांगा. कंपनीलाही ते कळलं असावं, महिन्याभरातच पॅच आला आणि भेटलेल्या एनपीसींचे आयकॉन नकाशावर यायला लागले.

विचर 3 या गेमवर फार बोलत नाही, लोक अंगावर येतात. एवढंच की इतकं सुंदर लिहिलेलं जग, आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल मिनीमॅपवर ठिपक्यांची रेघ, मी त्यातला अर्धा वेलेन प्रदेश त्या गोलातच फिरले. त्यातल्याच स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर पसरलेल्या प्रश्नचिन्हांबद्दल तर न बोललेलंच बरं.

ज्यांना जमलंय त्यांनी काय केलं ते बघा ना. ब्रेथ ऑफ द वाइल्ड, 2017, त्याला आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) म्हणा नाहीतर नका म्हणू, त्यात नायक लिंकच्या आठवणी शोधायचं काम आहे. हातात बारा फोटो देतात आणि बस्स. फोटोत मागे एखादा डोंगर, एखादं तळं, एखादी कमान, त्यावरून जागा ओळखायची. आणि अगदीच अडलात तर तबेल्यांपाशी पिकांगो नावाचा एक म्हातारा चित्रकार भेटतो, भटक्या माणूस, त्याला फोटो दाखवला की तो सांगतो हे मी पाहिलंय, अमक्या बाजूला जा. चित्रकारच का? कारण देखावे त्यालाच लक्षात राहणार. हे ज्याने सुचवलं त्याला माझा दंडवत. ड्रॅगन्स डॉग्मा 2 मध्ये तुमच्या टोळीत दुसऱ्या खेळाडूंचे पॉन (गेममधले साथीदार) येतात, त्यातल्या एखाद्याने ते काम आधी त्याच्या मालकाबरोबर केलेलं असेल तर तो म्हणतो मला माहितीये, चला, आणि पुढे चालायला लागतो. म्हटलं तर तोही मार्करच, पण त्याला पाय आहेत आणि वाटेत गॉब्लिन आले की तो पण मार खातो.

एक गोष्ट मात्र कॅन्टीनवाल्यांना ठणकावून सांगायचीये. मी घरी येते, स्वयंपाक, जेवण, सासऱ्यांची औषधं, भांडी, हे सगळं उरकून बसायला साडेदहा होतात आणि बाराला डोळे मिटायला लागतात. त्या दीड तासात मला कधी कधी फक्त पोचायचं असतं. ज्यांना नजरेचा त्रास आहे, ज्यांना इंग्रजी डायलॉग भराभर कळत नाहीत, त्यांनाही बाण लागतो आणि लागू दे. असॅसिन्स क्रीड ऑडिसीमध्ये 2018 लाच दोन्ही ठेवलं होतं की, सुरुवातीला विचारतात, गाइडेड हवं का एक्सप्लोरेशन, दुसरं निवडलं तर जागा कुठल्या प्रदेशात आणि कशाच्या कुठल्या दिशेला एवढं कळतं आणि मग तुम्ही गरुड उडवून शोधायचं. त्यासाठी त्यांना ते सगळे पत्ते लिहावे लागले. कष्ट आहेत. म्हणूनच सहसा कुणी करत नाही आणि सेटिंगमध्ये एक ऑफचं बटण देऊन मोकळे होतात.

ज्यांना स्कायरिम खरंच मार्करशिवाय खेळायचाय त्यांनी नुसतं बटण दाबू नका, बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज नावाचा मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेली गेममधली भर) आहे तो टाका, त्यात क्वेस्टच्या नोंदी नीट पत्त्यासकट लिहिल्यात. पगार न घेता लिहिल्यात, हे लक्षात ठेवा. मॉरोविंडवाल्यांसाठी टॅम्रिएल रिबिल्ट हा मॉड आहे, स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून मुख्य भूमीवरची गावंच्या गावं उभी केलीयेत आणि तिथली माणसं अजूनही रस्ता सांगतात.

एल्डर स्क्रोल्स 6 ची घोषणा 2018 ला झाली, अजून आपण वाट बघतोय. येईल तेव्हा ग्राफिक्सवर आणि नकाशा किती मोठा यावर लोक महिनाभर भांडतील, भांडू दे. मी पहिल्या गावात शिरून खानावळवालीला विचारणार आहे की बाई शेजारच्या गावाला कसं जायचं, आणि तिने नुसतं नकाशावर टिंब लावून दिलं तर सरळ रिफंड मागणार आहे.